फोटोखालची ओळ

ताई,

वय २७. कल्याणला राहतो, दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज करतो. अरे-तुरे केलंत तरी चालेल. रविवारी सकाळची गाडी पकडून लालबाग, परळ, गिरगावकडे जुन्या चाळींचे फोटो काढायला जातो. लाकडी जिने, बिडाचे कठडे, हाताने रंगवलेल्या पाट्या. पुनर्विकासात हे सगळं जाणार, म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी सात वाजता लालबागला फुटपाथवरून एका चाळीचे फोटो काढत होतो. चाळीतले एक काका आणि समोरच्या टॉवरमधले दोघे आले. कशाला काढतोस, कोणी पाठवलं, असं विचारू लागले. मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. एकाने फोन लावला, बीट मार्शल आले, चौकीत नेलं. तिथे तीन तास बसवलं. फोन उघडायला लावून सगळे फोटो बघितले, बहिणीच्या लग्नाचेसुद्धा. कॅमेऱ्यातले ६१ फोटो माझ्याच हाताने डिलीट करायला लावले. हवालदारांनी स्वतःच्या मोबाइलवर माझ्या आधारचा फोटो काढला. ‘परत इकडे दिसू नकोस’ म्हणाले. कागदावर काहीच लिहिलं नाही.

दोन दिवसांनी ऑफिसातल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉरवर्ड दाखवला. टॉवरच्या सीसीटीव्हीतला माझा फोटो आणि खाली: ‘हा इसम परिसराची रेकी करताना आढळला. सावध राहा.’

तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. अब्बा म्हणतात, कशाला नसत्या उचापती. माझं काही चुकलं का? पुढे काय करू? सोबत माझे आधीचे पाच फोटो पाठवतोय, मी कसले फोटो काढतो ते कळावं म्हणून.

– एक कॅमेरावाला

*

मित्रा,

पुढचं वाचण्याआधी एक काम कर. कपाटातला कॅमेरा बाहेर काढ, सुरू न करता त्यातलं कार्ड काढून घे आणि एका पाकिटात घालून ठेव. कार्डावरचा फोटो डिलीट केला की कॅमेरा साधारणपणे ‘ही जागा आता मोकळी’ एवढीच नोंद करतो. त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच पडून असतो. तू तीन आठवडे कॅमेऱ्याला हात लावलेला नाहीस. म्हणजे घाबरून का होईना, फोटो सांभाळलेस. ते परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, काही फुकटही. तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं बघणारा जो कोणी असेल त्याला गाठ. सगळे ६१ येतील असं वचन देत नाही, पण बरेचसे यावेत.

आता तुझा प्रश्न. तुझं चुकलं का? तू समजतोयस तिथे तरी नाही.

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून समोर दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला परवानगी लागते, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. उलट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुद्दाम लिहून ठेवलं आहे की इमारतीचा फोटो काढल्याने तिच्या आर्किटेक्टच्या हक्काचा भंग होत नाही. (हे तुझ्या साहेबांनाही सांग, त्यांना आवडणार नाही.) मनाई असते ती ठरावीक जागांना. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा, ज्याला सगळे ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट म्हणतात, त्यात ‘निषिद्ध जागा’ची व्याख्या आहे. लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या जागा, दारूगोळ्याचे कारखाने, सरकारने तसं जाहीर केलेली ठिकाणं. शिवाय मॉल, देऊळ, संग्रहालय यांचे आपापले नियम असतात, ते तिथे गेल्यावर पाळायचे. लालबागची चाळ यांपैकी कशातच बसत नाही.

गंमत म्हणजे पोलीस ठाणंही बसत नाही. २०१८ मध्ये वर्ध्यात एका माणसाने पोलीस ठाण्यात चाललेल्या बोलण्याचं मोबाइलवर चित्रण केलं, म्हणून त्याच्यावर याच गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ च्या जुलैमध्ये तो रद्द केला. कायद्यातल्या यादीत पोलीस ठाणं नाही, एवढं सरळ कारण होतं. ब्रिटिशांनी हेरांसाठी केलेला कायदा वर्ध्याच्या शेजाऱ्यांच्या भांडणाला लावला गेला, यावरून कॅमेरा दिसल्यावर आपल्या यंत्रणेच्या पोटात किती मोठा गोळा येतो ते कळतं.

आता त्या ६१ फोटोंबद्दल. फोटो काढणं हा गुन्हा असेल, तर ते फोटो म्हणजे पुरावा. पुरावा जप्त करायचा असतो, त्याचा पंचनामा करायचा असतो, पुसायचा नसतो. गुन्हा नसेल, तर ते पुसायला लावायचं कारणच काय? रस्त्यावर किंवा चौकीत उभं करून माणसाला त्याचे फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार देणारं कलम मला तरी कुठे सापडलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं तर व्हिडिओ चित्रण करायला सांगितलंय, कलम १०५. म्हणजे कायद्याला तिथे कॅमेरा हवाच आहे. तुझ्या वेळेला फक्त तो कोणी सुरू केला नाही.

फोन उघडायला लावला, तेही तसंच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्या निकालात नावाने नाहीत, पण ते त्याच्या आत येतात. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर मात्र न्यायालयांनी वेगवेगळं म्हटलंय, त्यामुळे मी तुला ठाम काही सांगून अडचणीत टाकणार नाही. ‘लेखी द्या, साहेब, मग दाखवतो’ एवढं म्हणता येतं. आवाज खाली ठेवून.

आणि चौकीतले ते तीन तास. ‘जरा चौकीत चल’ हे कुठल्याही कायद्यातलं कलम नव्हे. पोलीस रस्त्यावर चौकशी करू शकतात, तिथून हलायला सांगू शकतात, त्यांच्या कायदेशीर सूचना पाळायला आपण बांधलेले आहोत, हे सगळं खरं. पण साक्षीसाठी बोलावलं तर लेखी आदेश असतो, संशयित म्हणून बोलावलं तर नोटीस असते, अटक केली तर तिची कारणं सांगावी लागतात. तू यातला काहीच नव्हतास. तू नुसता बसलेला होतास. बसवून ठेवणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि तिची नोंद कुठे होत नाही, म्हणूनच ती टिकली आहे.

तेव्हा नोंद करायची. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे एक पानी अर्ज लिही. तारीख, वेळ, कुठून नेलं, कधी सोडलं, कोण कोण होते. आरोप करू नकोस, विशेषणं वापरू नकोस. तीन गोष्टी माग. स्टेशन डायरीत माझ्याबद्दल काही नोंद आहे का ते कळवावं. त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. माझ्या आधारचा जो फोटो खासगी मोबाइलवर काढला गेला तो काढून टाकल्याचं सांगावं. दुसरी मागणी लवकर करायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण १८ महिने ठेवायला सांगितलंय, अगदीच नाही जमलं तर किमान एक वर्ष. पण सांगणं आणि बसणं यात आपल्याकडे अंतर असतं, आणि छोट्या चौकीत तर कॅमेरा असेलच असं नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घे. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठव, एक प्रत उपायुक्तांना. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, मुदत ३० दिवस.

आधारचं मी मुद्दाम लिहिलं. २०२२ च्या कायद्याप्रमाणे अटक झालेल्या माणसाचे फोटो, बोटांचे ठसे, बुबुळांची मापं घेता येतात आणि ती ७५ वर्षं ठेवता येतात. मला तो कायदा अजिबात आवडत नाही, पण त्यात निदान नोंदवही आहे. तुला अटक नाही, नोंद नाही, आणि तरी तुझं आधार एका माणसाच्या खासगी फोनमध्ये, कदाचित त्याच्या भाच्याच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी पडलेलं आहे. त्याचा हिशेब कोण देणार? पुढे कधी ओळख दाखवायची वेळ आली तर ऑफिसचं ओळखपत्र किंवा लायसन्स दाखव. आधारच दाखवायचं तर शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार फोनमध्ये ठेव.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे आणि तिथेही जाता येतं. मी सुरुवात तिथून करणार नाही. तुला पुन्हा रविवारी त्याच भागात फिरायचं आहे, आणि एका अर्जाने जे काम होतं त्याला मोठी तोफ कशाला? अर्ज द्यायला जाताना मात्र एकटा जाऊ नकोस. ओळखीचा वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे.

‘नाव सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला.’ एवढं एक वाक्य लिहून तू पुढे गेलास. तुझं नाव मी इथे छापत नाही, वाचकांना अंदाज आलाच असेल. मला त्या वाक्यापाशी थांबायचं आहे.

लोकांच्या मनात भीती आहे आणि ती हवेतून आलेली नाही. २६/११ च्या आधी अतिरेक्यांसाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली मुंबईत अनेकदा येऊन गेला. ताजचं चित्रण केलं, बोटीतून फिरून किनाऱ्यावर उतरायच्या जागा पाहिल्या. ‘रेकी’ हा शब्द आपल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत पोचला तो साधारण त्यानंतर. पण हेडलीला अडवलं कोणी? त्याचं मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्याने ते बदलून घेतलं, ते याचसाठी. हातात अमेरिकी पासपोर्ट, गोरा रंग, चांगलं इंग्रजी, ताडदेवला ऑफिस. तो हॉटेलांतून आणि जिममधून फिरला, सगळ्यांशी हसून बोलला, आणि पाहिजे तेवढं चित्रण करून गेला. नाव ऐकून आवाज बदलणाऱ्या पहारेकऱ्यांना चकवण्यासाठीच त्याने नाव बदललं होतं आणि त्याचा हिशेब बरोबर ठरला. २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. तुला अडवणाऱ्या त्या गृहस्थांना कोणीतरी हे सांगायला हवं, की तुमची जी चाळणी आहे ना, तिच्यातून हेडली आरपार गेला होता.

२६/११ च्याच रात्रीची दुसरी गोष्ट. हातात रायफल, पाठीला पिशवी, असा कसाबचा जो फोटो तुझ्या-माझ्या डोळ्यांसमोर आहे, तो ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसूझा यांनी सीएसटी स्टेशनात काढला. समोरच्या इमारतीत त्यांचं ऑफिस होतं. गोळ्यांचे आवाज ऐकून ते कॅमेरा घेऊन स्टेशनात धावले. पुढे खटल्यात त्यांची साक्ष झाली आणि ते फोटो पुराव्यात आले. म्हणजे कॅमेऱ्याचं नाव काढलं की ज्या घटनेची आठवण काढली जाते, त्याच घटनेत एका माणसाने न घाबरता फोटो काढले म्हणून खटला भक्कम झाला. हे कोणाला आठवत नाही.

हे आपल्याकडेच होतं असंही समजू नकोस. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या ४४ व्या कलमाखाली पोलिसांना कसल्याही संशयाशिवाय कोणालाही थांबवून झडती घेता येत असे. २००३ मध्ये लंडनला शस्त्रास्त्रांच्या प्रदर्शनाबाहेर निदर्शनांचं चित्रण करायला गेलेल्या एका महिला पत्रकाराला असंच थांबवलं, चित्रण बंद करायला लावलं. ती आणि तिच्यासारखाच अडवला गेलेला एक विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे अधिकार अमर्याद ठरवून त्यांच्या बाजूने निकाल दिला. २००९-१० या एका वर्षात या कलमाखाली एक लाखाहून जास्त माणसं थांबवली गेली होती. त्यातून पाचशेच्या आसपास अटका झाल्या. दहशतवादासाठी एकही नाही. तिकडेही कोणत्या रंगाची माणसं जास्त थांबवली जात होती, ते वेगळं सांगायला नको.

आता तू चाळीतल्या त्या काकांना टॉवरमधल्या त्या दोघांच्या पंगतीला बसवू नकोस. टॉवरवाल्यांची भीती एक आणि चाळीतल्या माणसाची भीती वेगळी. मी स्वतः परळच्या चाळीत वाढले, म्हणून सांगते. चाळीसमोर उभं राहून कोणी वरखाली बघत फोटो काढायला लागलं की पहिल्या मजल्यावरच्या बायकांच्या मनात अतिरेकी येत नाही, बिल्डर येतो. कुणाचा माणूस? म्हाडाचा की विकासकाचा? कशाची मोजणी? पोटमाळा किती फुटांचा घातलाय ते बघतोय का? मागची मोरी पुढे ओढली, ते फोटोत येईल का? पागडीची पावती आजोबांच्या नावावर आहे, राहतो नातू. यादीत पात्र की अपात्र? ज्या घरांत तीस-तीस वर्षं ‘इमारत धोकादायक’ची नोटीस येते आणि जाते, तिथे कॅमेरा म्हणजे पुरावा, आणि पुरावा नेहमी आपल्याच विरुद्ध जातो असा अनुभव. त्यांनी तुला ‘कोणी पाठवलं’ हे नावाच्याही आधी विचारलं, बघ. तो प्रश्न बिल्डरच्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे.

त्यात तू आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करतोस! ते तू त्यांना सांगितलंस का ते पत्रात नाही. सांगितलं असशील तर आगीत रॉकेल.

म्हणून पुढच्या वेळी फोटो आधी आणि बोलणं नंतर, असा क्रम नको. कोपऱ्यावर चहा घे. चाळीच्या तोंडाशी जो माणूस पेपर वाचत बसलेला असतो, तो असतोच, त्याला सांग की मला ही पाटी आवडली, हिचा फोटो काढू का. यासाठी कायदा तुला भाग पाडत नाही. पण तुला जिने हवे आहेत, आणि जिना रस्त्यावरून दिसत नाही. आतल्या अंगणातून, जिन्यावरून, गॅलरीतून काढायचा फोटो हा सार्वजनिक जागेतला फोटो नव्हेच. तिथे परवानगी लागते, आणि ती कागदावर मिळत नाही, चहावर मिळते.

आणि यातच ते जे मी वर म्हटलं, तू समजतोयस तिथे तुझं चुकलं नाही, त्याबद्दल. पाठवलेले पाचही फोटो पाहिले. ‘येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील’ची पाटी सुरेख आहे. तिच्यातल्या ‘छ’ला जो बाक दिलाय तसा आता कुठल्या फाँटमध्ये मिळत नाही. जिन्याचा फोटो चांगला, बिडाच्या ब्रॅकेटचा त्याहून चांगला. चौथ्या फोटोत गॅलरीत एक बाई ओले केस पुसत उभी आहे, पाठमोरी, लांब लेन्सने काढलेली. खाली तू लिहिलंयस: ‘शेवटची सकाळ’. तिला विचारलं होतंस? चाळीतली गॅलरी दिसते सगळ्यांना, पण ती तिच्या घराचाच भाग आहे. न्हाणीघरातून आलेली बाई केस पुसते तेव्हा ती आपल्या घरात असते. कायद्याने तुला यात पकडता येईल असं मला वाटत नाही, बाईला चोरून बघण्याचा, टिपण्याचा गुन्हा फार वेगळ्या आणि घाणेरड्या गोष्टींसाठी आहे. पण तिची ‘शेवटची सकाळ’ आहे हे तू ठरवलंस. तिला कदाचित टॉवरमधल्या संडास-बाथरूमची घाई झाली असेल. हा फोटो कुठे टाकला असशील तर काढून टाक. तुला मी यासाठी झापत नाहीये. तू चांगला बघणारा आहेस म्हणून सांगते.

हे इथेच सांगायचं कारण म्हणजे तो फॉरवर्ड.

तुझ्या पत्रात चौकीला दहा ओळी आहेत आणि फॉरवर्डला दोन. माझी काळजी उलटी आहे. हवालदार तुला विसरलासुद्धा असेल. पण सीसीटीव्हीतला तो फोटो नुसता असता तर काय होता? पाठीला बॅग लावलेला एक मुलगा फुटपाथवर उभा. बस. तिथे हजार माणसं तशी उभी राहतात. त्याला धोकादायक केलं ते खाली लिहिलेल्या ओळीने. ‘रेकी करताना आढळला’ हे कोणी ठरवलं? पोलिसांनी तर तुला सोडून दिलं होतं.

१ जुलै २०१८ आठवते? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा’ असे मेसेज तेव्हा महाराष्ट्रभर फिरत होते. बाजाराच्या दिवशी लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. पाचही जणांना. त्या मेसेजमध्ये शब्द तोच होता, ‘सावध’. लालबाग म्हणजे राईनपाडा नव्हे, मला मान्य आहे. पण हा फोटो लालबागमध्येच राहील असं तुला कोण सांगतं? तो दादरच्या तुझ्या ऑफिसात पोचलाच आहे.

म्हणून अर्जाच्याही आधी हे कर. ज्याने तुला तो दाखवला त्याच्याकडून मेसेजचा स्क्रीनशॉट घे, कोणत्या ग्रुपवर, कोणत्या तारखेला, कोणाच्या नंबरवरून. मग त्या टॉवरच्या सेक्रेटरीला भेटायला जा. एकटा नाही. तुझ्या साहेबांना घेऊन जा, ते पन्नाशीचे असतील आणि चष्मा लावत असतील तर फारच उत्तम. (असं सांगावं लागतं याची मला लाज वाटते, पण तुझ्या सोयीपेक्षा माझी लाज महत्त्वाची नाही.) अब्बांनाही ने, ते यायला तयार असतील तर. समोर बाप बसला की माणसाची ‘इसम’ म्हणायची सवय जरा सुटते. भांडायला जाऊ नकोस. एकच मागणं: ज्या ग्रुपवर हे टाकलं, त्याच ग्रुपवर लिहा की चौकशी झाली, काही आक्षेपार्ह नव्हतं, हा मुलगा जुन्या इमारतींचे फोटो काढतो, आधीचा मेसेज कोणी पुढे पाठवू नये. वाक्य लिहून ने. लोकांना चूक सुधारायची असते पण शब्द सुचत नाहीत म्हणून ती तशीच राहते, असं मी पुष्कळ पाहिलंय.

नाही म्हणाले तर? तर सोसायटीला लेखी पत्र, आणि त्यातही उत्तर नाही तर पोलिसांकडे तक्रार. कोणाला खोटेपणाने संशयित म्हणून गावभर फिरवणं म्हणजे बदनामी, आणि तो गुन्हा आहे. सोसायटीने कॅमेरे चोरीसाठी बसवले. त्यातली चित्रं ग्रुपवर चघळायला नव्हेत. ही गोष्ट त्या सोसायटीच्या सभासदांनाही कधीतरी लागेल. उद्या त्यांच्याच मुलीचा लिफ्टमधला फोटो कोणी ‘संस्कार’ वगैरे लिहून टाकला की.

अब्बा म्हणतात त्या उचापतींबद्दल. त्यांना घाबरट समजू नकोस. ९२-९३ च्या दंगलींच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत ते अशाच शब्दांत बोलतात, आणि तुला चौकीत तीन तास बसलेला ऐकून त्यांच्यावर काय गुजरलं असेल ते त्यांनी ‘उचापती’ या एका शब्दात घातलं. त्यांना म्हण, मी बंद करत नाही, पण सांगून जाईन. कुठे जातोय, किती वाजता परत, हे घरी माहीत असू दे. वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, फोन तर काढूनच घेतात. पाकिटात कागदावर लिहून ठेव. ऑफिसच्या लेटरहेडवर साहेबांकडून दोन ओळी घे. कायद्याने याची गरज नाही. माझ्या भाच्याला यातलं काहीच करावं लागत नाही, तो ड्रोनसारखा दिसणारा कॅमेरा घेऊन गावभर हिंडतो आणि लोक त्याला बाजूला सरकून जागा देतात. कायदा दोघांना एकच. चौकीतले तीन तास एक नसतात. हे मी तुला समजावून सांगावं असं नाही, तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

पुन्हा कोणी अडवलं तर थांब. पळू नकोस, कॅमेरा पिशवीत कोंबू नकोस. नाव सांग, काम सांग. पोलीस असतील तर त्यांच्या छातीवरची पट्टी वाचून नाव लक्षात ठेव. ‘इथून जा’ म्हणाले तर जा, भांडण नंतर अर्जात. ‘डिलीट कर’ म्हणाले तर म्हण, ‘साहेब, चुकीचं असेल तर जप्त करून पावती द्या.’ बहुतेक वेळा पावतीचं नाव काढलं की फोटोंतला रस कमी होतो. नाहीच झाला, आणि वातावरण तापतंय असं वाटलं, तर कर डिलीट. कार्ड काढून पाकिटात ठेवायचं, नवं काही काढायचं नाही, हे आता तुला माहीत आहे.

फोटो परत आले की त्यातला चाळीच्या दर्शनी भागाचा एक निवड आणि त्याची आठ बाय बाराची प्रिंट काढ. ती घेऊन त्या काकांकडे जा, ज्यांनी विचारलं होतं कोणी पाठवलं. तिथे ते साठ वर्षं राहिले असतील आणि बाहेरून पूर्ण चाळ दिसेल असा एक फोटो त्यांच्याकडे नसेल. कोणाकडेच नसतो, असतात ते लग्नातले आणि बारशातले, मागे कठडा अर्धा कापलेला. मॅट पेपरवर काढ. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते, आणि चाळीतल्या खोलीत फोटो लागतो तो ट्यूबलाइटच्या खालीच.

– ताई